तिसऱ्या रविवारच्या आत

थळ, २७ ऑक्टोबर २०२५

ती. नीराआत्यास,

सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच. जवळ असते तरी तू पाय मागेच घेतले असतेस.

तुझा पाय मोडल्याचं सोनाबाईंनी तुझ्या जावयाला, अल्पेशला, फोन करून सांगितलं. बल्लाळेश्वराच्या देवळात आयुष्यभर जातेस आणि नेमकी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घसरलीस? उजवा पाय, दोन महिने प्लास्टर, असं कळलं. शेजारीण असावी तर सोनाबाईंसारखी. त्यांचं ऐक, घरात एकटी उठून फिरू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र नुसत्या शिट्ट्या मारतं, म्हणून पत्र. नाहीतरी माझ्या आयुष्यात कागदावर येणारं आता तुझं पत्र एवढंच उरलंय.

इकडे सगळे बरे. अल्पेश सकाळी सहालाच मांडव्याला जातो, जेट्टीवर गाड्या लावायचं काम वाढलंय. सासूबाई ठीक. मी मात्र गेला दीड महिना मानेने हैराण आहे. तुला ठाऊकच आहे, ऑफिस नवी मुंबईत आणि मी इथे घरात. सासूबाईंच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवते, खाली प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत गोधडीची घडी. दहा-दहा तास मान खाली. लोकांचे दवाखान्याचे विमा-क्लेम तपासायचे, कोणाचा मंजूर, कोणाचा नाही. आधी संध्याकाळी दुखायचं, आता सकाळी उठतानाच मान लाकडासारखी असते. सासूबाई म्हणतात उसण भरलीय. गरम मिठाची पुरचुंडी शेकते, बाम लावते. परवा चहाचा कप हातातून सुटला, तर अल्पेश म्हणाला की घरून काम करून तुला म्हातारपण आलंय. खूप हसलो.

तू जप.

तुझी,
नेत्रा

—

पाली, ३१ ऑक्टोबर

चि. नेत्रास,

अनेक आशीर्वाद. माझ्या पायाची काळजी करू नकोस. हाड आहे, जुळेल. चौतीस वर्षं लोकांची हाडं आणि बाळंतपणं बघितली, माझं मला कळतं.

तुझ्या पत्रातली मान मी एकदा वाचली. कप तीनदा वाचला. तो का सुटला ते लिही. ओल्या हाताने निसटला, की धरलाय असं वाटत असतानाच सुटला? ब्लाउजचे हूक लावायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? चालताना पायातली चप्पल मागे राहते का, आणि राहिली तर तुला लगेच कळतं का? मान पुढे वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं का? हसण्यावारी नेऊ नकोस. एकेकाचं उत्तर दे.

आणि मिठाच्या पुरचुंडीने काही होत नसतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असली गत करू नका. अलिबागला हाडांच्या डॉक्टरकडे जा. पत्राची वाट बघत बसू नकोस, आधी जा.

तुझी,
आत्या

—

थळ, ६ नोव्हेंबर

ती. आत्यास,

तुझं पत्र वाचून मी घाबरलेच. नर्सबाई निवृत्त झाल्या तरी तपासणी सुटत नाही! उत्तरं देते. हूक सासूबाई लावून देतात, कारण हात मागे नेला की मान दुखते. चप्पल एकदा ओटीवर राहिली होती, मी अर्ध्या अंगणात गेल्यावर कळलं, पण तेव्हा कामाचा फोन चालू होता, लक्ष नव्हतं. वीज मात्र जाते. मान खाली घातली की पाठीतून थेट टाचेपर्यंत. मला वाटलं उसणीत असंच होत असेल.

अलिबागच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले एमआरआय काढा. मी काढणार नाही. कारण तुला खरं सांगते, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. माझ्याकडे रोज अशाच फाइली येतात. पहिल्या पानावर 'मानदुखी, घरून काम' असं असतं. शेवटच्या पानावर काय असतं ते मी रोज वाचते. एका बाईच्या फाइलीत तिच्या अंगठ्याचा ठसा होता, कारण सही करता येईना. माझ्याच वयाची, चौतीस. तेव्हापासून कुठल्याही पानावर 'मान' हा शब्द दिसला की मी ती फाइल शेवटी तपासायला ठेवते. एमआरआय काढला की माझी फाइल उघडली, आत्या. आणि ऑफिसात गेल्या महिन्यात सात जणांना एकाच मीटिंगमध्ये काढलं. आजारी बाईला कोण ठेवेल?

आता मूळ मुद्दा. सासूबाईंना मी सांगितलं की माझी आत्या पायाळू आहे, पायाकडून जन्मलेली. त्यांना कोण आनंद झाला! त्या म्हणाल्या, घरचा पायाळू असताना उसण घेऊन कशाला बसलीस, तिचा पाय मानेला लागू दे, तीन रविवारांत उतरेल. आजी सांगायची ते मला आठवतं, पायाळूवर वीज पडते म्हणून लहानपणी विजा चमकल्या की तुला घरात कोंडून ठेवायचे आणि पाठ धरलेली माणसं खाडीपलीकडून तुझ्याकडे यायची. मी रविवारी पालीला येते. उजवा प्लास्टरमध्ये असला म्हणून काय झालं, डावा आहे ना?

तुझी लाडकी,
नेत्रा

—

पाली, १० नोव्हेंबर

नेत्रा,

येऊ नकोस. आलीस तर पोटभर जेवायला घालीन, पण पाय लावणार नाही. डावा नाही, उजवा नाही, कोणाच्या शपथेने नाही. हा विषय परत काढू नकोस.

एमआरआय काढ. फाइल उघडण्याची भीती वाटते हे मला कळतं. पण न उघडलेल्या फाइलीतही लिहायचं ते लिहिलं जातच असतं.

दोन्ही हातांची बोटं दहा वेळा भरभर मिटून उघड आणि किती जमलं ते कळव.

आत्या

—

थळ, १७ नोव्हेंबर

ती. आत्यास,

तुझं पत्र सासूबाईंसमोर फोडलं, ही माझी चूक झाली. त्यांना काय वाटलं असेल? त्या म्हणाल्या की शिकलेल्या माणसांना आपल्या पायाचीही लाज वाटते. मला तुझी बाजू घ्यायची होती, पण माझ्या लग्नात मी नमस्काराला वाकले तेव्हा तू सगळ्यांदेखत पाय खुर्चीखाली ओढून घेतलेस, ते या घरात अजून कोणी विसरलेलं नाही. मिठागरवाल्यांची मुलगी नर्स झाली आणि तिला आपलं काहीच नकोसं झालं, असं लोक म्हणतात. मी कधी मानलं नव्हतं. आता वाईट वाटतं, एवढंच सांगते.

असो. दुसरी सोय झाली. थळच्या कोळीवाड्यात हरेश्वरभाऊ म्हणून आहेत, होडीवर असतात, ते पायाळू आहेत. माणूस देवासारखा. कोणाकडून सुपारीही घेत नाहीत. काल पहिला रविवार झाला. उपाशीपोटी उंबऱ्याशी पालथं झोपायचं, ते दाराची चौकट धरतात आणि पाठमोरे उभे राहून टाच लावतात. पहिल्या रविवारी खांद्याला नुसता स्पर्श. दुसऱ्याला मानेच्या खाली थोडा भार. तिसऱ्याला, म्हणजे तीस तारखेला, थेट मानेवर पूर्ण टाच, आणि उसण मोडते.

खोटं नाही सांगत, काल संध्याकाळी मला हलकं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी आडवी झाल्याबरोबर झोपले.

बोटं मिटून-उघडून बघितली. उजव्याची दहा झाली. डाव्याची मोजली नाहीत.

नेत्रा

—

पाली, १९ नोव्हेंबर

नेत्रा,

तुझं पत्र आत्ता मिळालं. सोनाबाईला लगेच अल्पेशला फोन करायला लावला. त्याने उचलला नाही म्हणून तुझ्या सासूबाईंना केला. मी शेजारी बसून वाक्य न् वाक्य सांगितलं की रविवारी पाय लावू देऊ नका, हरेश्वरला घरात घेऊ नका, हिला मुंबईला न्या. सोनाबाई म्हणते, त्या 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवला. ते 'बरं' कसलं होतं ते मला ऐकू आलं नाही.

तुझ्या पाया पडते, थांब. डाव्या हाताची बोटं मोज.

आत्या

—

थळ, २४ नोव्हेंबर

ती. आत्यास,

अक्षराकडे बघू नकोस, आडवी पडून लिहितेय. बसलं की मान पेलत नाही.

सासूबाईंना तुझा निरोप मिळाला. त्या म्हणाल्या, आपण करायचं नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायचं नाही, हे काय विहीणबाईंचं? नको का, ते तरी सांगावं! मीही तेच म्हणते. तू नुसतं नको नको म्हणतेस. अल्पेश एक दिवस म्हणाला की बोटीत बसू आणि मुंबईला दाखवून येऊ, तर मीच नाही म्हटलं. एवढे आठ दिवस जाऊ देत.

काल दुसरा रविवार झाला. हरेश्वरभाऊंनी थोडा भार दिला तेव्हा डोळ्यांसमोर पांढरं झालं. ते म्हणाले की उसण हलतेय. काल दुपारपासून डाव्या हाताची शेवटची दोन बोटं झोपलीत. टाचणी टोचून बघितली, रक्त आलं, दुखलं नाही. अल्पेशला सांगितलं नाही. आज न्हाणीतून येताना भिंत धरली. जमीन कापसाची झाल्यासारखी वाटते. रात्री नवऱ्याचा हात माझ्या हातावर असतो आणि मला तो बघावा लागतो, तेव्हा कळतं.

मला खूप भीती वाटते. पण आता एकच रविवार राहिलाय. अर्ध्यावर सोडलं तर उसण अंगात शिरते म्हणतात. आगीतून फुफाट्यात जायला नको.

ऑफिसला सांगितलंय की नेट गेलंय.

नेत्रा

—

पाली, २८ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. नेत्रा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. माझ्या जागेवर आलेली नर्स रचना उद्या मीटिंगसाठी अलिबागला जातेय, तिथून ती थळला येऊन तुझ्याच हातात देईल. मी स्वतः आले असते. परवा सोनाबाईला गाडी सांगायला लावली होती. उठले आणि प्लास्टरसकट दारात पडले. आता दोन्ही घरची कामं टाकून ती माझ्यावर पहारा करते.

तू विचारलंस, नको का. पन्नास वर्षं झाली, मी हे कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांनाही नाही. तो बिचारा न कळताच गेला.

तुझे आजोबा काळूराम मिठागराच्या बांधावरून घसरून पडले आणि अंथरुणाला खिळले, असं तू ऐकलं आहेस. गावाने तेच ऐकलं आहे. ते घसरले नव्हते.

मी तेरा वर्षांची होते. लोक माझ्याकडे यायचे, पालथे पडायचे आणि मी टाच लावायचे. बदल्यात गूळ-खोबरं मिळायचं. माझ्याएवढ्या दुसऱ्या कुठल्या पोरीसमोर मोठी माणसं जमिनीवर झोपतात, असं मला वाटायचं. ताठा चढला होता मला. दादा, म्हणजे तुझे आजोबा, डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायचे. त्यांची मान धरली. मग हातातला तांब्या सुटायला लागला. आम्ही हसायचो. बांधावर चालताना पाय ओढायचे, तर आई म्हणायची की ताडी घेऊन आलात वाटतं. माणूस ताडीला शिवतही नव्हता.

त्यांनी मला कधी पाय लाव म्हटलं नाही. मीच मागे लागले. ते म्हणाले, 'नको गं, तू दमशील.' मी म्हणाले, 'सगळ्या गावाला देते आणि तुम्हालाच नको?' मग माझं मन राखायला म्हणून ते उंबऱ्याशी झोपले. मी चौकट धरली. बापाची उसण म्हणून मी इतरांपेक्षा जास्त भार दिला, नेत्रा. मला वाटलं जास्त दिला की जास्त बरं होईल.

आवाज झाला. आता कानांना ढोल ऐकू येत नाही, तो आवाज अजून येतो.

त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि उठता आलं नाही. हात नाही, पाय नाही. मी रडायला लागले. आई मागच्या अंगणात होती. ती यायच्या आत त्यांनी मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, 'मी बांधावरून घसरलो, कसाबसा उंबऱ्यापर्यंत आलो. तू घरात नव्हतीस. विचारलं तर हेच सांगायचं.' आईला कळलं असावं, कारण त्या दिवसापासून कोणी आलं की ती सांगायची, हिचं पायाळूपण गेलं. तीन वर्षं ते तसेच होते. मी त्यांना भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं. तिथून मी नर्स झाले. लोक म्हणतात सेवाभाव. सेवाभाव कसला, डोंबल! तीन वर्षांत ते मला एकदाही वाईट बोलले नाहीत, आणि मला तेच सोसवलं नाही.

माझ्या पायाला कोणी हात लावावा, नमस्कार करावा, हे मला सहन होत नाही ते यासाठी. तुझ्या लग्नातही.

तुला उसण भरलेली नाही. मानेतली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब देतेय, असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही, पण कप, हूक, चप्पल, वीज, झोपलेली बोटं, कापसाची जमीन, यातलं प्रत्येक मी एकदा घरात बघितलं आहे, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं. दोन रविवार तू वाचलीस. तिसऱ्याला वाचणार नाहीस. हरेश्वरचा दोष नाही, माझाही हेतू वाईट नव्हता.

टॉवेलची गुंडाळी करून मानेभोवती बांध, मान हलवू नकोस, आणि मिळेल त्या पहिल्या बोटीने मुंबईला जा. मला पत्र लिहू नकोस, आधी जा.

तुझी,
आत्या

—

थल, ३ डिसेंबर

विहीनबाईस सगुनाचा नमस्कार.

मना लिवायची सवय न्हाय, सातवीपर्यंत गेलेली मी. अल्पेश नेत्राजवल मुंबईला हाय. ती लिवू शकत न्हाय म्हनून मी लिवते. आदी घाबरू नका. ती जित्ती हाय, बोलते हाय.

तुमची रचना शनिवारी सांजच्याला आली. नेत्रा पडून होती. मी म्हनाले मी देते. पाकिटावर लिवलेलं, नेत्राच्याच हातात द्यावे. मी दिलं न्हाय. मना वाटलं तुमी परत नको म्हनाल आन पोरीचं मन फिरंल, तिसरा रविवार हुकंल. तांदलाच्या डब्याखाली ठेवलं. विहीनबाई, हे मी अल्पेशला सांगितलं न्हाय, नेत्राला न्हाय. तुमाला सांगते, कारन तुमी तुमचं सांगितलंत.

रविवारी सकाली हरेश्वर आंघोल करून आला. नेत्राला उंबऱ्याशी झोपवायची होती. मानेवर पाय द्यायचा तर मंगलसूत्र काढावं लागतं. ती हूक शोधाय लागली. बोटं फिरवते, फिरवते, हूक सापडंना. तिच्या बोटात हूक होता आन तिला कलत नव्हतं. मग म्हनाली, आई, तुमी काढा. मी काढलं. सुनेचं मंगलसूत्र माझ्या मुठीत आलं. माझा मालक गेला तवा माझं असंच सासूनं काढलेलं. तुमचं पत्र एकदम डोक्यात आलं. काय लिवलंय ते तरी बगावं म्हनून मी आत गेले. डब्याखालून काढलं, उभ्यानं वाचलं. तुमचं अक्षर मोठं हाय म्हनून बरं. 'आवाज झाला' इतवर आले आन तशीच बाहेर पलाले.

नेत्रा पालथी होती. हरेश्वरनं चौकट धरलेली आन टाच उचललेली. मी त्याचा पाय दोनी हातांनी धरला. म्हनाले, 'खाली ठेव, बाबा. जमिनीवर ठेव.'

त्याला वाटलं मना येड लागलं. मग मी त्याला पत्र वाचून दाकवलं, सगलं. तुमाला राग आला तर येऊ दे. नेत्रा पडल्या पडल्या ऐकत होती. तिला उटवायची मना हिंमत न्हवती. हरेश्वर पायरीवर बसला, पानी मागितलं, पन प्यायला न्हाय. मग म्हनाला, 'वैनी, मी ज्यांच्या मानेवर पाय दिला, त्यातले लई जन परत आलेच न्हाईत. मना वाटायचं, बरे झाले म्हनून आले न्हाईत.' आन उटून गेला. आता तो एकेकाच्या घरी जाऊन बगतो, असं कोलीवाड्यातल्या बाया सांगतात.

टावेल बांदून अल्पेशनं तिला मांडव्यानं नेली. मीबी संगं गेले, बोट हलली की मी डोले मिटायचे. फोटो काढला. डाक्टर म्हनाले, अजून एक झटका बसला असता तर मानेखाली काय राहिलं नसतं. उद्या आपरेशन हाय. मान पुढून उघडनार. धोका हाय म्हनतात, सही घेतली. नेत्रानं स्वताच सही केली, लई वाकडी झाली, पन अंगठा दिला न्हाय. अल्पेश म्हनतो, ती सहीकडं लई येल बगत होती.

मी परत आले, घरात एकटी हाय. शिलाई मशीनवरचा लापटाप मी कपड्यानं झाकून ठेवला. त्याच्याकडं बगवत न्हाय. जेवन जात न्हाय. तुमच्या देवाला सांगा.

सगुना

—

थळ, २४ डिसेंबर

ती. नीराआत्यास,

हे एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी पहिल्या ओळीवरच थांबले होते.

ऑपरेशन झालं. गळ्यावर पुढून चार बोटांची चीर आहे, आवाज बसलाय, कॉलर चोवीस तास. चालते. जमीन पुन्हा जमिनीसारखी लागते. डाव्या हाताची ती दोन बोटं मात्र अजून झोपलेलीच. डॉक्टर म्हणतात की परत येतील, किंवा येणार नाहीत, वर्षभर सांगता यायचं नाही. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, ते मला आता नीट कळलं. अजून भीती जात नाही. शिंक आली तरी मी दोन्ही हातांनी मान धरते. माझी फाइल आता कोणाच्यातरी लॅपटॉपवर उघडी असेल. ती तपासणारी बाई पाठ सरळ ठेवून बसलेली असू दे, एवढंच वाटतं.

ऑफिसने दोन महिने थांबतो म्हटलंय. पुढचं पुढे. सासूबाईंनी सुताराकडून उंच टेबल करून घेतलंय आणि शिलाई मशीन परत स्वतःकडे घेतलंय. तुझं पत्र कुठे होतं ते त्यांनी मला परवा सांगितलं आणि रडल्या. मी म्हटलं, तुम्ही वाचलंत ना, झालं.

तुझं पत्र मी अजून स्वतः वाचलेलं नाही. उंबऱ्याशी पालथी पडून ऐकलं तेवढंच. तुझं नाव आलं तेव्हा मान वळवून बघावंसं वाटत होतं आणि मान वळवायची नाही हे कळत होतं. आजोबा असेच झोपले असतील. आत्या, त्यांनी घसरल्याचं सांगितलं ते तू सुटावीस म्हणून. तू सुटलीच नाहीस. तीन वर्षं त्यांना भरवलंस आणि पन्नास वर्षं पाय लपवलास. त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी तुलाच रागावलं असतं.

जानेवारीत तुझं प्लास्टर निघेल. तेव्हा अल्पेश गाडी घेऊन येईल, नाही म्हणू नकोस. मला तीन महिने वाकायची बंदी आहे, म्हणजे तू आलीस तरी मी तुझ्या पाया पडू शकणार नाही. म्हणून असं करू. तू माझ्यासमोर खुर्चीवर बस आणि उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेव. मी तो या झोपलेल्या दोन बोटांनी धरून बघीन. कळला तर तुला सांगेन.

तेवढा वेळ पाय मागे घेऊ नकोस.

तुझी,
नेत्रा